जोडीदाराची चार आवर्तनं

ट्रम्पेटवाला मध्येच थांबला आणि वर्गाला वाटलं, गाणं संपलं. टाळ्या पडल्या. त्या विरायच्या आत त्याने पुन्हा वाजवायला सुरुवात केली, तशी पोरं ओशाळली आणि एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसली. थोडं वाजवून तो परत थांबला. या खेपेला कुणी हात हलवला नाही.

मागच्या बाकावर मुख्याध्यापिकाबाई बसल्या होत्या. बाक सातवीतल्या मुलांच्या मापाचा, त्यामुळे गुडघे आडवे करून. खरेखुरे वादक शाळेत आणून मुलांना जॅझ शिकवायची कल्पना वरच्या ऑफिसची. पण हा वादक दर गुरुवारी बोलवायचा की आजच चहा पाजून वाटेला लावायचा, हे बाईंच्या हातात होतं. ट्रम्पेटवाल्याला ते ठाऊक होतं. म्हणून तर त्याने सकाळी कोटाला इस्त्री केली होती. तो वाजवायचा तो क्लब बंद पडल्यापासून त्याला वाजवायला जागाच उरली नव्हती. घरी ट्रम्पेट तोंडाला लावला की शेजारीण भिंत ठोकायची. अलीकडे त्याला मिळालेली दाद म्हणजे तेवढीच.

"सर, तुम्ही मध्ये मध्ये विसरता का?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. तिच्या मांडीवर क्लॅरिनेट होती.

"विसरत नाही गं. ती जागा माझी नाहीये. माझ्या जोडीदाराची आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. जॅझमध्ये कधी कधी दोघं असं आळीपाळीने वाजवतात. चार आवर्तनं एकाची, चार दुसऱ्याची, गप्पा मारल्यासारखी. एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. त्याचा जोडीदार सॅक्सोफोन वाजवायचा. कायम त्याच्या उजव्या हाताला उभा असायचा.

"मग ते कुठेयत?"

"गेला. गेल्या थंडीत."

वर्ग एकदम शहाण्यासारखा गप्प झाला. बाईंनी घसा खाकरला.

"मग तेवढा भाग गाळून सलग नाही का वाजवता येणार? मुलांचा गोंधळ होतोय. आणि वर्ग गप्प बसवायला माझ्याकडे गणिताचे सर आहेत."

बाईंचं काही चूक नव्हतं. सलग वाजवता येत होतं, त्याने घरी करून पाहिलं होतं. पण जोडीदाराच्या आवर्तनांत शिरलं की बोटं जड व्हायची. गेलेल्या माणसाच्या चपला पायात घातल्यासारखं वाटायचं. आणि ती चार आवर्तनं रिकामी ठेवली, की खोलीत आपण एकटे आहोत हे नको तितकं ऐकू यायचं. हे बाईंना काय सांगणार?

"असं करू," तो मुलीला म्हणाला, "त्याच्या जागी तू वाजव."

"काय वाजवू?"

"काहीही. सुचेल ते."

"पण कागदावर काय लिहिलंय?"

"काहीच नाही."

"मग नाही वाजवायचं," ती ठामपणे म्हणाली. "कागदावर काही नसेल तिथे मोजत बसायचं. आम्हाला असंच शिकवलंय."

कागद कोरा असतो तिथेच जॅझ सुरू होतं, असं काहीतरी त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"बरं पोरांनो, मोजा तर मोजा," तो म्हणाला आणि वाजवायला लागला.

चार आवर्तनं वाजवून तो थांबला. तीस-पस्तीस बोटं बाकांवर हलकेच पडू लागली. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. सवयीने त्याची नजर उजवीकडे गेली, तशी अख्ख्या वर्गाची गेली. तिथे खिडकी होती आणि खडूंचा डबा. पण जोडीदार गेल्यापासून पहिल्यांदाच त्या जागी त्याच्याबरोबर कुणीतरी थांबलं होतं. त्याने घाईघाईने ट्रम्पेट वर उचलला.

तो वाजवू लागला, तसा मुलीचा हात वर गेला. त्याने दुर्लक्ष केलं. पुन्हा चार आवर्तनं, पुन्हा शांतता, पुन्हा बोटं. तो परत शिरला तरी हात वरच.

"काय गं?"

"सर, तुम्ही उशिरा येता."

"मी?"

"एक मात्रा उशिरा. दोन्ही वेळेला."

"हो सर, आम्ही पण मोजलं," मागून चार-पाच जण ओरडले.

"माझंही तसंच आलं," बाई म्हणाल्या, आणि बाकावरचं बोट त्यांनी पटकन मागे घेतलं.

लयीत चुकला, असं त्याला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. त्याचे कान तापले. त्याने त्या मात्रा मनातल्या मनात पुन्हा मोजल्या. मग टेबलाच्या कडेला टेकला.

"जोडीदार खायचा ती मात्रा," तो म्हणाला. "आपली चार आवर्तनं संपली तरी गडी एक मात्रा पुढे वाजवतच राहायचा. माझी पहिली मात्रा गिळायचा. जन्मभर भांडलो त्यावरून, ती माझी आहे म्हणून. एकदा तर भर कार्यक्रमात त्याच्या पायावर पाय दिला मी."

पोरं खदाखदा हसली.

"तो काही सुधारला नाही. मीच थांबायला लागलो असेन. कळलंसुद्धा नाही मला."

मुलीने मान डोलावली. तिला अजून एक शंका होतीच.

"मग सर, आम्ही मोजताना ती मात्रा त्यांच्यात धरायची की सोडायची?"

"ते एकदा ठरवून टाका, सर," बाई मागून म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी दुसरी तुकडीही बसवायची आहे."

ट्रम्पेटवाल्याने उजवीकडे पाहिलं.

"धरा," तो म्हणाला. "त्याचीच आहे ती."