बाईंची लेक

“आणि सरावासाठी शाळा कोणती हवी?” प्राचार्यांनी विचारलं.

“हे काय विचारणं झालं, मॅडम? माझीच की!” लेकीने तोंड उघडायच्या आत आईच बोलून गेली.

कॉलेजप्रवेशाची मुलाखत लेकीची होती, पण मघापासून बोलत होती ती आईच. तिला कुणी नावाने हाक मारतच नसे. पहिलीचा वर्ग शिकवता शिकवता केस पिकले होते, आणि आता ती लहानथोर सगळ्यांचीच ‘बाई’ होती.

लेकीला बारावीला मार्क असे पडले होते की कुठेही डोळे झाकून प्रवेश मिळाला असता. काकांनी फार्मसी सुचवली, मामाने कॉम्प्युटर. आत्याने तर तोंडावर विचारलं, “एवढे मार्क काय पोरांची शेंबडी नाकं पुसायला पाडलेस?” पण लेक कुणाला बधली नाही. प्राथमिक शिक्षणाची चार वर्षांची पदवी, त्यातही अगदी लहानांचा गट. बस्स!

ते ऐकलं त्या दिवसापासून बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. माझं बघूनच घेतलंय तिने, दुसरं काय! शिक्षकांच्या खोलीत त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं की लोक त्यांना येताना बघून चहाचा कप घेऊन बाहेर जायला लागले. हे वर्ष संपलं की बाई निवृत्त होणार होत्या. या शेवटच्या वर्षी आपल्या वर्गात, मागच्या बाकावर, आपली लेक आपल्याकडून शिकायला बसावी, एवढं एकच त्यांना हवं होतं. मुख्याध्यापकांकडे त्यांनी शब्दही टाकून ठेवला होता.

“म्हणजे लहानपणी तू बाईंच्याच वर्गात होतीस?” प्राचार्यांनी लेकीकडे बघत विचारलं.

“होती तर!” पुन्हा बाईच. “पण लाड म्हणून केले नाहीत मी, मॅडम. शाळेच्या दारातच सांगितलेलं, आत मी आई नाही. उद्या कुणी म्हणायला नको, बाईंनी स्वतःच्या पोरीला झुकतं माप दिलं. शिक्षा सगळ्यांत आधी हिला, शाबासकी सगळ्यांत शेवटी. एकदा तर काय गंमत! हिला बाथरूमला जायचं होतं. सारखा आपला हात वर. मी म्हटलं, आधी बाकीचे जाऊन येऊ देत, मग तू. आणि हिने केली ना वर्गातच! पोरं खो खो हसतायत. मी हिच्याच हातात फडकं दिलं, म्हटलं, पूस. पुसलं हो बिचारीने, मुकाट्याने. पण त्यानंतर माझ्याकडे बोट दाखवायची एका पालकाची हिंमत झाली नाही.”

बाई मनापासून हसल्या. पोटच्या पोरीलाही सोडलं नाही, हे सांगताना त्यांना नेहमीच भरून यायचं.

प्राचार्या काही हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं. “मग? बाईंची शाळा लिहू?”

“नको,” लेक म्हणाली. “दुसरी कुठलीही द्या. लांबची असली तरी चालेल.”

बाईंना आधी वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग त्यांनी तिचा चेहरा बघितला.

“अगं, वेडी का खुळी तू? माझं शेवटचं वर्ष आहे!”

“माहितीये, आई.”

“लोक माझ्या वर्गात मूल घालायला धडपडतात. आणि तू? लाज वाटते का माझी?”

“लाज नाही गं.”

“कारण सांगावं लागेल, बेटा,” प्राचार्या हळूच म्हणाल्या. “बाईंचा वर्ग मिळावा म्हणून मुली भांडतात आमच्याकडे.”

“भांडणारच. बाई आहेतच तशा.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी प्राचार्यांकडे बघितलं, बघा, मी म्हटलं नव्हतं का, अशा नजरेने.

“पण आईने तुम्हाला अर्धंच सांगितलं, मॅडम,” लेक पुढे बोलू लागली. “थोड्याच दिवसांनी माझ्या शेजारच्या मुलीचंही तसंच झालं. आईने तिला चटकन उचललं. पोरं हसायला लागली, तर नुसत्या नजरेने गप्प केली. स्वतःच्या रुमालाने तिचे पाय पुसले. तिला मांडीवर घेऊन म्हणाली, होतं गं असं, राजा, लहानपणी माझंही व्हायचं. मी समोरच बसले होते. तेव्हाच ठरवलं, मोठेपणी व्हायचं तर असं.”

“मग?” बाई पुटपुटल्या. “मग झालं काय?” त्यांना ती मुलगी आठवतही नव्हती. अशा कितीजणींना त्यांनी मांडीवर घेतलं होतं!

लेकीने आईकडे बघायचं टाळलं.

“त्या वर्गात मला शिकता नाही यायचं, मॅडम. तिथे बसले की मी पुन्हा तेच मागत बसेन.”

“काय मागत बसशील?”

“सकाळच्या प्रार्थनेला डोळे मिटले की बाकीची पोरं देवाकडे सायकल मागायची. मी मागायचे, देवा, मला दुसऱ्या कुणाच्या तरी पोटी जन्माला घाल. म्हणजे मला या बाई मिळतील.”