झाकणाचा स्विच

मारुतीने मशीनच्या मागचा पत्रा काढला, दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि वरून काळी टेप गुंडाळली. बटण दाबताच भांडी धुण्याचं ते मोठं मशीन घरघरत सुरू झालं. पर्वत पाटियाजवळच्या एका कापड मार्केटचं ते कँटीन. जेवणाची वेळ होत आली होती आणि मोरीपाशी नाश्त्याच्या ताटल्या छातीएवढ्या साचल्या होत्या.

तासभर त्याने सगळं तपासलं होतं. पाणी येत होतं. गाळणी साफ होती. फवाऱ्याच्या भोकांत क्षार धरला होता, तो त्याने टाचणीने काढला. हीटरही ठीक होता. बिघाड निघाला झाकणाच्या स्विचमध्ये. झाकण खाली आलं की हा बोटाएवढा स्विच मशीनला ते कळवतो, आणि मध्येच कुणी झाकण उचललं तर पाणी बंद करतो. तोच मेला होता. नवा अहमदाबादहून यायला दोन दिवस लागणार होते.

तोवर ताटं हाताने धुवा, असं मारुतीने मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर हसमुखभाई रागावले नाहीत. त्यांनी सरळ मारुतीच्या शेठना फोन लावला आणि फोन मारुतीच्या हातात दिला. शेठ म्हणाले, स्विच सोडून वायरी डायरेक्ट जोडून दे, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. यात धोका आहे, एवढं मारुतीने बोलून पाहिलं. शेठ म्हणाले, सगळे करतात.

मशीनवर छाया होती. शिरपूरकडची, चाळिशीची, कामाला चोख. मारुतीने तिला जवळ बोलावून नीट समजावलं. आता झाकण उचललं तरी पाणी थांबणार नाही. शेवटचं पाणी उकळीच्या जवळपासचं असतं. हिरवा दिवा लागल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. छायाने सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. मारुती पाच-सहा फेऱ्या होईपर्यंत तिथेच उभा राहिला. प्रत्येक वेळी ती दिव्यासाठी थांबली. मग कोसाडहून दुसऱ्या कामाचा फोन आला आणि तो निघाला.

हे गुरुवारी. शनिवारी सकाळी तो नवा स्विच घेऊन आला तेव्हा मशीन बंद होतं आणि छाया एकटी मोरीपाशी बसून हाताने ताटं घासत होती. त्याने विचारलं, तशी ती मान वर न करता सांगू लागली.

शुक्रवारी मुलीच्या शाळेत पालकांची मीटिंग होती. खाडा नको म्हणून तिने आपल्या बदली भावजयीला, दिपालीला पाठवलं. दिपालीने लग्नाआधी एका हॉलच्या स्वयंपाकघरात असंच मशीन चालवलं होतं, त्यामुळे तिला काही शिकवायची गरज नव्हती. तिथे झाकण मध्येच उचललं की पाणी आपोआप थांबायचं. एक वाटी बाहेर राहिलेली तिला दिसली. ती आत टाकायला तिने झाकण उचललं आणि वाकली.

उजवा गाल, मान आणि हात. डोळ्याचं डॉक्टर सोमवारी सांगणार होते. छायाचा भाऊ वैभव लूमवरचं काम सोडून दवाखान्यात बसला होता.

मारुतीच्या हातात स्विचचं पाकीट होतं. ते त्याने खिशात घातलं, पुन्हा बाहेर काढलं. मशीनवर सूचनेचा एक कागद चिकटवायला किती वेळ लागला असता, एवढंच त्याच्या डोक्यात येत राहिलं.

"ताई, चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी ते जोडायलाच नको होतं."

"तुमची कशी, भाऊ? तुम्ही मला नीट सांगितलं होतं. मीच तिला सांगितलं नाही. पोरीच्या वेण्या घालत होते, राहून गेलं."

त्याने तिला समजवायचा प्रयत्न केला. स्विच नसताना मशीन चालवायचंच नसतं, तुम्ही सांगितलं असतं तरी कधी ना कधी हे झालंच असतं, असं बरंच काही तो बोलला. छाया ताट घासत राहिली. तिने मनाशी ठरवलेलं त्याला हलवता येईना.

तेवढ्यात हसमुखभाई आले. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. त्यांनी दिपालीची चौकशी केली आणि मशीनला किती वेळ लागेल ते विचारलं. मारुती कामाला लागला. टेप सोडवून वायरी सुट्या करायला आणि स्विच बसवायला सात मिनिटं पुरली. रिपोर्टच्या कागदावर त्याने गुरुवारी काय केलं तेही लिहिलं. हसमुखभाईंनी ते वाचलं आणि हळू आवाजात सांगितलं की फक्त स्विच बदलला एवढंच लिहा, गुरुवारचं नको. मारुतीने शेठना फोन केला. शेठही तेच म्हणाले. त्याने तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर एकच ओळ लिहिली. लिहिताना पेन दोनदा थांबलं, पण ओळ पुरी झाली.

मग त्याने मशीन सुरू केलं आणि चालू मशीनचं झाकण उचलून दाखवायला तो पुढे झाला. छाया उठून आली.

"मी बघते," ती म्हणाली.

तिने झाकणाची मूठ धरली, तोंड एका बाजूला वळवलं आणि झाकण वर केलं. पाणी तिथल्या तिथे थांबलं. तिने झाकण खाली केलं. पाणी सुरू झालं. पुन्हा वर केलं. थांबलं. आतली जाळी रिकामी होती. बाहेर माणसं जेवायला बसू लागली होती आणि हसमुखभाई दारातून ताटं मागत होते. मारुतीला बस करा म्हणायचं होतं. छायाने झाकण पुन्हा खाली केलं.