रेसकार्डातली बारीक अक्षरं

अडथळ्यांच्या शर्यतीत माझी नात ज्ञानदा घोडा दौडवणार, म्हणून आम्ही सगळे कॅरी गावाहून आलो होतो. रेसकार्डातले, म्हणजे शर्यतीच्या माहितीपत्रकातले, तिच्या घोड्याचे आकडे पाहून मुलगा खूश होता. मी उतारवयात वाचायला शिकलो, त्यामुळे प्रत्येक शब्दावर बोट ठेवतो. बारीक अक्षरांत होतं: घोडा दोनदा पडला, दोन्ही वेळा शेवटच्या अडथळ्यावर, एकटाच पुढे असताना. एकटेपणी बुजणारे घोडे मी पागेत सांभाळलेत. ज्ञानदाला बजावलं, “बाळा, शेवटच्या उडीपर्यंत कुणाच्या तरी मागे राहा.” “आजोबा, मी जिंकायला आलेय!” ती हसली. शेवटच्या वळणावर तीच पुढे होती. मग तिने लगाम आवळला. एक घोडा पुढे गेला. त्याच्यामागून तिच्या घोड्याने नीट उडी मारली. “अरे यार, जिंकली असती!” मुलगा चरफडला. डोळे मिटून बसलेल्या सुनेने विचारलं, “बाबा, कितवी आली?” “ती बघ, धडधाकट चालत येतेय.”