तारण

महाराष्ट्र राज्य झाल्यावर पुढच्याच वर्षी विद्यापीठातला इंद्रभान रक्ताचे नमुने घ्यायला जळगाव जामोदच्या डोंगरातल्या कोरकू पाड्यावर गेला, पण कुणी हात पुढे करेना. "मागच्या साहेबानं माह्या पोराचं रक्त नेलं. त्यात काय निघालं, सांगाले फिरकला नाही. पोरगं गेलं माह्यं," पाड्यातली फुलमाय म्हणाली. "मी सांगायला येईन, मावशी." "तोबी असंच म्हने, बापू. तुह्यं रक्त इथं ठेव. आमचं सांगाले येशील, तवा घेऊन जाय." "साहेबाचं लाल असते काय बे?" कुणीतरी विचारलं. पाडा हसला. फुलमाय हसली नाही. इंद्रभाननं बाही वर केली. त्याच्या रक्ताची बाटली कणगीमागे ठेवून तिनं हात पुढे केला; मग बाकीच्यांनीही. परतीच्या एसटीत त्याला चैन पडेना. बाटली कुणी उघडली तर? कुणाला दिली तर? गाडी खड्ड्यात आदळली. पाड्यानं दिलेल्या रक्ताच्या बाटल्या त्यानं पोटाशी धरल्या.