शिळेची ओटी

धुण्याच्या दगडावरच्या वाटीएवढ्या खळग्यात देवकाबाई साबण ठेवायची. त्याच खळग्यावरून संशोधक मॅडमनी बोट फिरवलं.

"आजी, ही माळावरच्या प्राचीन शिळावर्तुळातली शिळा आहे. तिथं सात जागा रिकाम्या आहेत. हिला परत न्यावं लागेल."

"माह्या सासूनं आणली होती," एवढंच बोलून देवकाबाई घरात गेली. मॅडमना वाटलं, म्हातारी रागावली.

ती बाहेर आली ती खण, नारळ, तांदूळ घेऊन. शिळेला हळदकुंकू लावत म्हणाली, "माहेराले चालली बिचारी. खाली ओटीनं कशी धाडू?"

दुसऱ्या दिवशी मॅडम देवकाबाईची शिळा घेऊन माळावर पोचल्या, तेव्हा सहा बैलगाड्या उभ्या होत्या. प्रत्येकीत हळदकुंकू लावलेली एकेक शिळा.

"आमच्या दारची पायरी आहे हे," पहिल्या गाडीतली बाई म्हणाली. "एकलीच माहेराले गेली, तर बाकीच्या रुसतीन ना."