खिडकीतल्या दिव्याचा निबंध

“चार वाक्यं, सर. शब्दन् शब्द तीच!” मिस डोराननं टेसा कुचेराचा निबंध टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर, फळ्याच्या बरीच वर, एक चौकट लटकत होती. आत टाइप केलेला निबंध आणि सोनेरी शिक्का : राज्यात पहिला, १९८९. लेखक हॉलिस टीमन. म्हणजे आता याच वर्गात अमेरिकन साहित्य शिकवणारे टीमन सर.

सरांनी वर पाहिलं नाही. “पोर आहे. वर्षभर त्या चौकटीखाली बसते. राहिलं असेल डोक्यात.”

“इतक्या उंचावरचं वाचता येतं का कुणाला? मी आत्ता खुर्चीवर चढून वाचलं. तिनंही चढूनच उतरवून घेतलं असणार.”

शेवटच्या वर्षाचे निबंध दोघांनी तपासायचे, असा शाळेचा नियम होता. दुसरी तपासनीस म्हणून यंदा ही नवी मिस डोरान नशिबी आली होती. वय चोवीस, आणि अन्याय दिसला की तिला घास गिळत नसे.

टीमन सरांचा स्वभाव मऊ. त्यांच्या हाताखाली आजवर कुणी नापास झालं नव्हतं. ती चौकटसुद्धा उतरवा म्हणून त्यांनी दोनदा सांगून पाहिलं होतं. मुख्याध्यापकांना त्यात विनय दिसला आणि चौकट आणखी हातभर वर गेली. एका बाबतीत मात्र ते कडक होते. शेजाऱ्याचा निबंध शेजाऱ्यानं आधी तपासायचा, ही वर्गाची जुनी पद्धत त्यांनी आल्याआल्या बंद केली होती. ज्याचा कागद त्याच्यापाशी, असं ते म्हणत.

“त्या चार वाक्यांना जोडून तुमच्यात नाही असं एक वाक्य आहे तिच्यात,” मिस डोरान म्हणाली. “शेवटचं. आणि राग मानू नका, सगळ्यात छान तेच आहे.”

सरांनी कागद ओढून घेतला. निबंध होता वर्गात वर्षानुवर्षं शिकवल्या जाणाऱ्या एका कथेवर. माळरानावर एकट्या राहणाऱ्या विधवेची ती कथा. ती रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावते. गेलेल्या नवऱ्याची अजून वाट पाहते, असं सगळी मुलं लिहितात. टेसानं लिहिलं होतं, दिवा बोलावण्यासाठी नाहीच. घरात कुणीतरी जागं आहे, आत येऊ नका, हे सांगण्यासाठी आहे. आणि सर्वांत शेवटी : ‘ज्या रात्री ती दिवा लावायला विसरली, त्या रात्री ते घर पहिल्यांदा तिचं झालं.’

सरांनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग उठून खिडकी उघडली, पुन्हा लावली. टेबलावर घरून आणलेलं सँडविच तसंच पडलं होतं. बाकीचे शिक्षक दुपारी तळघरातल्या भोजनगृहात रांग लावत. सर कधी खाली उतरत नसत. पोट नाजूक आहे, असं सांगत.

“सोडून देऊ या, मिस डोरान. शून्य दिलं तर तिची विद्यापीठाची शिष्यवृत्ती जाईल.”

“आणि बाकीची मुलं? ती रात्र रात्र जागून लिहितात ती मूर्ख म्हणून?”

टेसा आली. सतरा वर्षांची, उंच. दप्तराचा पट्टा पिरगाळत उभी राहिली.

“कुठून घेतलंस हे?” मिस डोराननं विचारलं.

“कुठूनच नाही. म्हणजे... आई म्हणते तसं. ही कथा आम्ही घरी वाचली ना, तेव्हा ती भांडी घासता घासता घडाघडा बोलली. मला आवडलं, मी लिहिलं.”

“आई? खाली स्वयंपाकघरात आहे ती?”

“अकरा वर्षं,” टेसाचे कान लाल झाले. “का? वाढणाऱ्या बाईला असं सुचत नाही का, मिस?”

“पुरे झालं,” सर घाईनं म्हणाले. “माझा विश्वास आहे हिच्यावर. पूर्ण गुण देऊन टाकू. जा टेसा, जा तू.”

“असं कसं, सर? बोलावू तिच्या आईलाच.”

“आईला कशाला उगाच...”

पण मिस डोरान जिन्यापर्यंत पोचलीसुद्धा होती.

लोरीन कुचेरा एप्रनला हात पुसत वर आली. बाहीवर कोलाची नावाच्या गोड पावांचं पीठ होतं. स्वयंपाकघरात कामाला लागल्यापासून या वर्गात ती कधी आलीच नव्हती. पालकसभेच्या दिवशी सगळ्यांच्या कॉफीचं काम तिच्याकडे असे, आणि वर येईपर्यंत सभा उरकलेली असे.

“काय केलं माझ्या पोरीनं?”

“चोरी केली असं म्हणतात,” टेसा म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

“कुणाची?”

मिस डोराननं खुर्ची पुढे सरकवली. लोरीन तिच्यावर चढली. चष्मा एप्रनला पुसून तिनं चौकटीतला निबंध पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तिला घाई नव्हती. खाली टीमन सर दोन्ही हात टेबलावर टेकून बसले होते. शेवटच्या ओळीशी ती थांबली, काचेच्या कडेवर बोट टेकवून पुढे काही आहे का ते पाहिलं, आणि मान वळवून खाली बघितलं.

“बाबा आजारी पडले म्हणून मी शाळा सोडली त्या दिवशी माझा हा निबंध तुला तपासायला दिला होता ना रे, हॉलिस? शेवटचं वाक्य मागच्या बाजूला होतं. तू पान उलटून पाहिलंच नाहीस?”