मागे उभ्या असलेल्यांचं उत्तर

दिराच्या पुस्तकबांधणीच्या दुकानाची वेबसाइट वहिनी सांभाळायची. साइट उघडली की आधी पाटी यायची: तुमची भेट लक्षात राहावी म्हणून कुकीज ठेवू का? खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नको’. कोणी काय निवडलं, त्याची नोंद वहिनीला दिसायची.

सोमवारी नोंदी चाळताना तिला नवलच वाटलं. प्रत्येक ‘नको’च्या खाली, त्याच मिनिटाला, त्याच कॉम्प्युटरवरून एक ‘हो’ आला होता.

“लोक मन बदलत असतील, वहिनी,” पुठ्ठा कापता कापता दीर म्हणाला.

“सगळेच? एका मिनिटात?”

तिला राहवेना. काल साइटवरून ऑर्डर देणाऱ्या शिक्षिकेला तिने फोन लावला.

“बाई, कुकीजना तुम्ही काय म्हणालात?”

“नकोच. मी सगळीकडे नकोच म्हणते.”

“शेजारी कोणी होतं?”

“छे, एकटीच तर राहते मी. का हो?”

वहिनीने काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

दुपारी दीर जेवायला गेल्यावर तिने स्वतःच साइट उघडली आणि ‘नको’ दाबलं. नोंद आली. ती डोळ्यांत तेल घालून बघत बसली. मिनिट सरलं, तरी दुसरी ओळ आली नाही. तिला स्वतःचंच हसू आलं.

तेवढ्यात पाटी पुन्हा वर आली. मजकूर नवा होता: ‘तुमचं उत्तर मिळालं. तुमच्या मागे ज्या उभ्या आहेत, त्यांचं राहिलं आहे.’

वहिनीने मान वळवली नाही. माउसवरचा हात तेवढा अलगद उचलून मांडीवर घेतला.

माउस हळूच ‘हो’कडे सरकला.